किरणोत्सर्गी पदार्थ जखमेत शिरला तर: उपचार कसे होतात आणि घाई नेमकी कशाची असते

अणुइंधनाच्या कारखान्यात, संशोधन प्रयोगशाळेत किंवा रुग्णालयाच्या आण्विक वैद्यक विभागात काम करणाऱ्या माणसाला जखम झाली आणि त्या जखमेत किरणोत्सर्गी पदार्थ शिरला, तर डॉक्टरांपुढे एकाच वेळी दोन प्रश्न उभे राहतात: एक जखमेचा आणि दुसरा त्या पदार्थाचा. यांपैकी आधी काय हाताळायचे, याबद्दल जगभरातील वैद्यकीय मार्गदर्शनात मतभेद नाही. श्वासमार्ग मोकळा करणे, रक्तस्राव थांबवणे आणि रक्तदाब सावरणे ही कामे प्रथम होतात आणि किरणोत्सर्गी पदार्थाचा विचार त्यानंतर होतो. दूषित रुग्णावर उपचार करताना नेहमीची काळजी घेणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांना मिळणारी किरणमात्रा सामान्यतः अगदी थोडी असते, तर वाहते रक्त काही मिनिटांत जीव घेऊ शकते. तरीही अशा रुग्णाला दारातच थांबवून ठेवण्याची चूक भीतीपोटी होऊ शकते, म्हणून हा विषय सामान्य वाचकांनीही समजून घ्यावा असे मला वाटते.

किरणांचा मारा बसणे आणि किरणोत्सर्गी पदार्थ अंगाला लागणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे सर्वांत आधी लक्षात घ्यायला हवे. छातीचा एक्स-रे काढताना किरण शरीरातून आरपार जातात आणि यंत्र बंद होताच सगळे संपते. त्या माणसाजवळ बसल्याने दुसऱ्याला काहीही होत नाही. कर्करोगासाठी यंत्राद्वारे बाहेरून किरणोपचार घेणाऱ्या रुग्णालाही हेच लागू पडते. किरणोत्सर्गी भुकटी, द्रव किंवा धातूचा कण अंगाला चिकटतो, तेव्हा मात्र तो जिथे बसला असेल तिथून किरण सोडत राहतो. विसर्जनाच्या मिरवणुकीतला गुलाल जसा कपड्यांवर, केसांत आणि नखांच्या कडांत बसतो, झटकल्यास शेजाऱ्याच्या अंगावर उडतो आणि नीट धुतल्यास बहुतांशी निघून जातो, तसाच हा पदार्थ वागतो. जंतू उष्णतेने किंवा औषधाने मारता येतात, पण किरणोत्सर्ग कोणत्याही रसायनाने, उकळण्याने किंवा प्रतिजैविकाने नाहीसा करता येत नाही. तो पदार्थ शरीरापासून दूर नेणे किंवा त्याचा कालांतराने आपोआप होणारा क्षय होऊ देणे, एवढे दोनच मार्ग उपलब्ध असतात. कोबाल्ट-६० चा अर्धायुष्यकाल, म्हणजे त्याचा किरणोत्सर्ग निम्म्यावर यायला लागणारा काळ, सुमारे ५.३ वर्षे, सिझियम-१३७ चा सुमारे ३० वर्षे, अमेरिसियम-२४१ चा सुमारे ४३२ वर्षे आणि प्लुटोनियम-२३९ चा सुमारे २४,१०० वर्षे आहे, हे पाहिले की क्षयाची वाट पाहणे प्रत्येक वेळी शक्य का नसते ते ध्यानात येते.

जखमेमुळे धोका का वाढतो, हे समजण्यासाठी किरणांचे प्रकार पाहावे लागतात. प्लुटोनियम आणि अमेरिसियम यांच्यातून मुख्यतः अल्फा कण बाहेर पडतात. हे कण जड असून शरीराच्या ऊतीमध्ये त्यांचा प्रवास ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका असतो. धडधाकट त्वचेच्या वरच्या मृत पेशींच्या थरातच ते अडतात, त्यामुळे अखंड कातडीवर पडलेले प्लुटोनियम वेळेवर धुऊन काढल्यास सहसा इजा करत नाही. कातडी फाटते, टोचली जाते किंवा भाजते तेव्हा मात्र हा नैसर्गिक अडसर राहत नाही. पदार्थ जिवंत पेशींना जाऊन भिडतो आणि आपली सगळी ऊर्जा त्या इवल्याशा अंतरात ओततो. स्ट्रॉन्शियम-९० सारख्या पदार्थांचे बीटा कण काही मिलिमीटर खोल जातात आणि त्वचेवरच भाजल्यासारख्या जखमा करू शकतात. कोबाल्ट-६० आणि सिझियम-१३७ यांचे गॅमा किरण शरीर पार करून बाहेरही पडतात. त्यांच्यामुळे आजूबाजूच्यांना थोडीफार मात्रा मिळते, पण ते ओळखणे आणि मोजणे त्याच गुणामुळे सोपे जाते.

याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे जखमेत शिरलेला पदार्थ तिथेच राहतो की रक्तात उतरतो. त्याचे उत्तर पदार्थाच्या रासायनिक रूपावर अवलंबून असते. प्लुटोनियमचे नायट्रेट द्रावण जखमेतून रक्तात शोषले जाऊ शकते आणि पुढे यकृत व हाडे यांत जाऊन बसते. एकदा हाडात बसलेले प्लुटोनियम अनेक दशके तिथून हलत नाही. प्लुटोनियमचे ऑक्साइड मात्र फारसे विरघळत नाही. ते जखमेच्या जागीच राहते किंवा हळूहळू जवळच्या लसिका ग्रंथींकडे सरकते. बोटाला झालेली जखम असेल तर काखेतल्या ग्रंथींमध्ये ते महिन्यांनी आणि वर्षांनीही सापडू शकते. म्हणून अपघात झाल्यावर 'कोणता पदार्थ' या प्रश्नाइतकाच 'कोणत्या रूपातला पदार्थ' हा प्रश्न डॉक्टरांना विचारावा लागतो, आणि त्याचे खरे उत्तर त्या कारखान्यातील किंवा प्रयोगशाळेतील माणसांकडेच असते. जखमी कामगाराबरोबर तिथला आरोग्य-भौतिकी, म्हणजे किरणसुरक्षा पाहणाऱ्या, विभागाचा माणूस रुग्णालयात पाठवण्याची पद्धत आहे, ती याच कारणासाठी.

अशा रुग्णाची रुग्णालयातील पहिली व्यवस्था दिसायला साधी असते. त्याच्यासाठी वेगळी खोली ठेवली जाते, जमिनीवर प्लास्टिक किंवा जाड कागद अंथरला जातो आणि दारापाशी एक रेषा आखली जाते, जी ओलांडून बाहेर येणाऱ्या प्रत्येक माणसाची आणि वस्तूची तपासणी होते. डॉक्टर आणि परिचारिका शस्त्रक्रियागृहातला नेहमीचाच पोशाख घालतात: गाऊन, मुखपट्टी, टोपी, बुटांवर आवरण आणि हातमोज्यांचे दोन थर, ज्यांतला आतला थर बाहीला चिकटपट्टीने जोडलेला असतो, म्हणजे वरचा हातमोजा वारंवार बदलता येतो. एक्स-रे विभागात वापरतात तो शिशाचा एप्रन इथे घालत नाहीत. सिझियम किंवा कोबाल्टच्या जोरकस गॅमा किरणांना तो फारसा अडवत नाही आणि त्याच्या वजनाने काम मात्र मंदावते. जखमेत कोबाल्ट किंवा इरिडियमचा अतितीव्र तुकडा रुतलेला असेल, तेव्हा परिस्थिती वेगळी असते. असा तुकडा हाताने कधीही धरायचा नसतो. तो लांब चिमट्याने उचलून ताबडतोब शिशाच्या डब्यात टाकायचा असतो आणि त्याच्या जवळ घालवलेला वेळ शक्य तितका कमी ठेवायचा असतो.

त्यानंतर रुग्णाचे कपडे उतरवले जातात. ते डोक्यावरून ओढून न काढता कात्रीने कापून, आतली बाजू बाहेर येईल अशा रीतीने गुंडाळत काढतात, कारण भुकटी उडून नाकातोंडात जायला नको. एवढ्या एका कृतीने अंगावरील बहुतांश दूषित पदार्थ निघून जातो. मार्गदर्शक पुस्तिकांत हा अंदाज ८० ते ९० टक्के असा दिलेला असतो. १९८६ च्या एप्रिलमध्ये चेर्नोबिलच्या आगीशी झुंजणाऱ्यांपैकी अनेकांच्या अंगावर दूषित, ओले कपडे बराच वेळ राहिले आणि बीटा किरणांमुळे त्यांची त्वचा विस्तृत भागावर भाजली. त्या अपघातानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत तीव्र किरणबाधेने जे २८ जण दगावले, त्यांच्यातील बहुतेकांच्या मृत्यूला त्वचेच्या या जखमा मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरल्या. कपडे काढणे ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट किती मोलाची आहे, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

कपडे काढल्यावर दोन्ही नाकपुड्यांतून वेगवेगळ्या कापसाच्या बोळ्यांनी नमुना घेतात. दोन्ही बोळ्यांवर किरणोत्सर्ग आढळला, तर पदार्थ श्वासाबरोबरही आत गेला असावा असे धरून पुढचे उपचार ठरतात. हा नमुना लवकर घ्यावा लागतो, कारण नाक शिंकरल्यावर किंवा तोंड धुतल्यावर तो पुरावा राहत नाही.

आता जखम धुण्याकडे वळू. अंगावर जखम आणि दूषित कातडी दोन्ही असतील, तर आधी जखम धुतात आणि नंतर आसपासची कातडी, कारण जखमेतून पदार्थ रक्तात जाण्याची वाट खुली असते. जखमेभोवती पाणी न शोषणारी चादर लावतात, म्हणजे धुतलेले पाणी दुसऱ्या भागावर ओघळत नाही. मग भरपूर सलाईनने, हलक्या दाबाने जखम पुन्हा पुन्हा धुतात आणि प्रत्येक फेरीनंतर उरलेला किरणोत्सर्ग मापकाने मोजतात. घासणे टाळतात, घासल्याने कातडीला ओरखडे पडतात आणि पदार्थ आणखी आत शिरायला नवी दारे मिळतात. कातडीसाठी कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरतो. कढत पाण्याने त्या भागातला रक्तप्रवाह वाढतो, म्हणून ते वापरत नाहीत. केस दूषित असतील तर ते धुतात किंवा कात्रीने कापतात, पण वस्तऱ्याने काढत नाहीत, कारण वस्तऱ्याने होणारे बारीक छेद म्हणजे नव्या जखमाच असतात. मापकावरचा आकडा परिसरातील नैसर्गिक पातळीच्या दुपटीच्या आत आला किंवा आणखी एकदा धुऊनही तो दहा टक्क्यांपेक्षा जास्त घटत नसेल, तर धुणे थांबवतात. आकडा शून्यावर आणण्याच्या हट्टापायी कातडी सोलवटून काढणे हे अपायकारक आहे. उरलेला थोडा पदार्थ पुष्कळदा कातडीच्या वरच्या थराबरोबर काही दिवसांत आपोआप गळून पडतो. भाजलेल्या जागी जी खपली किंवा मृत कातडीचा थर धरतो, त्यात पदार्थ अडकून राहतो आणि त्या थराबरोबर निघून जातो, म्हणून भाजलेली जागा हलक्या हाताने धुऊन झाकून ठेवणे बहुतेक वेळा पुरेसे होते. जखमेतून निघालेला प्रत्येक काचेचा तुकडा, कापसाचा बोळा आणि कापलेल्या कातडीचा अंश डबीत घालून, वेळ लिहून ठेवतात, कारण किती पदार्थ आत होता आणि किती बाहेर आला याचा हिशेब त्यावरून मांडता येतो.

जखमेतला अल्फा पदार्थ मोजणे हे काम वाटते तितके सोपे नाही. अल्फा कण रक्ताच्या पातळ थरातही अडतात, त्यामुळे नेहमीचा अल्फा मापक ओल्या जखमेवर धरला तर तो काहीही दाखवणार नाही आणि जखम स्वच्छ असल्याचा चुकीचा समज होईल. अमेरिसियम-२४१ अल्फा कणाबरोबर सुमारे ६० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरणही सोडते, आणि प्लुटोनियममधून अतिशय क्षीण एक्स-किरण निघतात. जखमांसाठी बनवलेले खास मापक या किरणांच्या आधारे पदार्थाचा ठाव घेतात. प्लुटोनियमचे एक्स-किरण काही मिलिमीटर मांसातच विरतात, त्यामुळे पदार्थ खोल असेल तर त्याचे प्रमाण खऱ्याहून कमी दिसते. सुदैवाने वापरातल्या प्लुटोनियममध्ये अनेकदा थोडे अमेरिसियम तयार झालेले असते. तज्ज्ञ त्या साथीदाराला मोजतात आणि त्यावरून प्लुटोनियमचा अंदाज काढतात.

धुऊनही पुष्कळ पदार्थ आत राहिला, तर कापून काढायचा का? या प्रश्नाचे सरसकट उत्तर नाही. प्लुटोनियमच्या उद्योगातील बहुतेक जखमा हातांना आणि बोटांना होतात, कारण काम बंद पेटीत, भिंतीला जोडलेल्या जाड हातमोज्यांतून हात घालून करावे लागते आणि धारदार पत्रा किंवा अवजार हातमोजा भेदून थेट बोटात शिरते. अशा वेळी बोटाच्या टोकाचा मांसाचा बारीकसा गोल तुकडा काढला की बराच पदार्थ एका झटक्यात बाहेर येतो आणि नुकसान नगण्य असते. पण तोच पदार्थ स्नायुबंध, मज्जातंतू किंवा सांध्याजवळ असेल, तर आजची खात्रीची इजा आणि पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत कर्करोगाची किंचित वाढलेली शक्यता यांची तुलना करावी लागते. हा निर्णय शल्यविशारद एकट्याने घेत नाहीत. किरणमात्रेचे गणित करणारा तज्ज्ञ आणि स्वतः रुग्ण, दोघेही त्यात सहभागी असतात. किरणोत्सर्गी पदार्थ शिरला म्हणून बोट किंवा हात तोडून टाकण्याचा विचार भीतीच्या भरात मनात येऊ शकतो, पण तशी वेळ क्वचितच येते. आधी धुणे, मग मर्यादित छेद आणि सोबत पदार्थ शरीराबाहेर काढणारे औषध हाच क्रम पाळला जातो.

या औषधाचे महत्त्व समजण्यासाठी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड येथे ३० ऑगस्ट १९७६ रोजी पहाटे घडलेला अपघात पाहावा लागेल. तिथल्या प्लुटोनियम कारखान्यात अमेरिसियम वेगळे करण्याचे काम चालत असे. संपामुळे कारखाना काही महिने बंद होता आणि त्या काळात अमेरिसियम धरून ठेवणारे राळेचे कण रसायनभरल्या नळकांड्यात तसेच पडून होते. काम पुन्हा सुरू करताना त्यात नायट्रिक आम्ल सोडले गेले, रासायनिक क्रिया भडकली आणि नळकांडे फुटले. समोर उभे असलेले ६४ वर्षांचे कामगार हॅरॉल्ड मॅक्लस्की यांच्या चेहऱ्यावर आणि शरीराच्या उजव्या बाजूवर आम्ल, काच, धातूचे कण आणि अमेरिसियम एकाच वेळी आदळले. एका माणसाच्या शरीरात अमेरिसियम शिरण्याची याहून मोठी नोंद उपलब्ध नाही. ते श्वासातून गेले, आम्लाने भाजलेल्या कातडीतून गेले आणि चेहऱ्यात घुसलेल्या असंख्य बारीक कणांबरोबरही गेले.

सुमारे दोन तासांत त्यांच्या शिरेत डीटीपीए या औषधाचे पहिले इंजेक्शन दिले गेले. डीटीपीएचा रेणू लांब साखळीसारखा असून त्याला धातूचा अणू अनेक बाजूंनी पकडून ठेवता येतो. शरीरात सोडताना त्याच्याशी कॅल्शियम किंवा जस्त जोडलेले असते. प्लुटोनियम किंवा अमेरिसियम भेटताच तो आपले कॅल्शियम किंवा जस्त सोडून त्या जड धातूला घट्ट पकडतो, आणि ही जोडी मूत्रपिंडातून लघवीवाटे बाहेर पडते. मात्र हे औषध रक्तात आणि पेशींबाहेरच्या द्रवातच काम करते; धातू हाडात किंवा यकृताच्या पेशींत जाऊन बसला, की त्याच्यापर्यंत पोहोचणे औषधाला अवघड होते. घाई करायची असते ती इथे. जखम लवकर धुणे महत्त्वाचे आहेच, पण डीटीपीएचे पहिले इंजेक्शनही जितके लवकर मिळेल तितका जास्त पदार्थ बाहेर पडतो. प्रयोगशाळेचा अहवाल हाती येईपर्यंत थांबू नये, संशय बळकट असेल तर पहिली मात्रा देऊन टाकावी, हा तज्ज्ञांचा सल्ला मला अत्यंत रास्त वाटतो.

कॅल्शियम-डीटीपीए पहिल्या २४ तासांत जस्त-डीटीपीएपेक्षा कितीतरी पटींनी प्रभावी असते, म्हणून प्रौढांना पहिली एक ग्रॅमची मात्रा त्याचीच देतात. पण ते शरीरातले जस्त आणि मँगनीज यांसारखे आवश्यक धातूही ओढून नेते, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून जस्त-डीटीपीएवर येतात. गर्भवती स्त्रीला शक्यतो सुरुवातीपासूनच जस्ताचे रूप देतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या दोन्ही औषधांना २००४ मध्ये रीतसर मान्यता दिली; १९७६ मध्ये ती अजून प्रायोगिक मानली जात होती. मॅक्लस्की यांना पुढील सुमारे चार वर्षांत मिळून अर्ध्या किलोपेक्षा जास्त डीटीपीए देण्यात आले, आणि त्यातले बहुतांश जस्त-डीटीपीए होते. त्यांना सुमारे पाच महिने रिचलंड येथील खास निर्जंतुक व बंदिस्त केंद्रात ठेवले होते, जिथे परिचारिका त्यांची कातडी रोज धूत आणि वर येणारे कण टिपून काढत. त्यांची दृष्टी अधू झाली, रक्तातील लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) आणि प्लेटलेट पेशी कमी झाल्या, परंतु ते घरी गेले आणि अपघातानंतर ११ वर्षे जगले. १९८७ मध्ये त्यांचा मृत्यू हृदयविकाराने झाला, जो त्यांना अपघाताच्या आधीपासूनच होता. घरी परतल्यावर ओळखीचे लोक त्यांना टाळू लागले, आणि त्यांच्याजवळ जाणे सुरक्षित आहे असे त्यांच्या चर्चच्या धर्मगुरूला लोकांना सांगावे लागले. औषधाने जे बरे होत नाही, तेही या रुग्णाच्या वाट्याला आले.

डीटीपीए हे सर्व पदार्थांवरचे औषध नाही. युरेनियमसाठी ते वापरत नाहीत; तिथे मुख्य चिंता मूत्रपिंडांची असते आणि लघवी अल्कधर्मी राखण्यासाठी सोडियम बायकार्बोनेट देतात. पोटॅशियम आयोडाइडच्या गोळीबद्दल लोकांत फार गैरसमज आहे. ती गोळी किरणोत्सर्गी आयोडीनला कंठस्थ (थायरॉइड) ग्रंथीत जाण्यापासून रोखते एवढेच, आणि तीही वेळेवर घेतली तरच. प्लुटोनियम, सिझियम किंवा कोबाल्ट यांच्यावर तिचा काहीही उपयोग नाही. सिझियमसाठी प्रशियन ब्लू हे निळे रंगद्रव्यच औषध म्हणून पोटात देतात. रक्तातले सिझियम पित्ताबरोबर आतड्यात येते आणि पुन्हा शोषले जाते. प्रशियन ब्लू त्याला आतड्यातच अडवून विष्ठेवाटे बाहेर काढते आणि शरीरातला त्याचा मुक्काम बराच कमी करते. ब्राझीलमधील गोयानिया शहरात सप्टेंबर १९८७ मध्ये बंद पडलेल्या उपचारकेंद्रातून किरणोपचाराचे यंत्र भंगारासाठी नेऊन फोडले गेले आणि त्यातली सिझियम क्लोराइडची चकाकणारी भुकटी घराघरांत पसरली. १,१२,००० हून अधिक लोकांची तपासणी झाली, २४९ जण दूषित आढळले आणि चौघे दगावले. ज्यांना प्रशियन ब्लू दिले गेले अशा रुग्णांची संख्या ४६ होती, आणि या औषधाविषयीचे आजचे पुष्कळसे ज्ञान त्यांच्या उपचारांतून आलेले आहे.

जखम आणि संपूर्ण शरीरावर झालेला किरणांचा जबर मारा एकत्र आले, तर वेळेचे गणित आणखी बदलते. मोठ्या मात्रेनंतर अस्थिमज्जेचे काम मंदावते, काही दिवसांत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरू लागतात, आणि त्या काळात केलेली शस्त्रक्रिया म्हणजे न थांबणारा रक्तस्राव व चिघळणारी जखम यांना आमंत्रण ठरते. म्हणून आवश्यक शस्त्रक्रिया पहिल्या ३६ ते ४८ तासांत उरकून जखम बंद करावी, आणि ते शक्य नसेल तर रक्तपेशी सावरेपर्यंत, म्हणजे अनेक आठवडे, थांबावे असा नियम आहे. याच संदर्भात आणखी एक गोष्ट सांगायला हवी. अपघातानंतर लगेच दिसणारे फोड आणि भाजलेपण हे उष्णतेचे किंवा रसायनाचे असते. किरणांमुळे होणारी त्वचेची खरी इजा दिसायला बहुधा कित्येक दिवस किंवा आठवडे लागतात. म्हणूनच भंगारात सापडलेला चकचकीत धातू खिशात ठेवलेल्या माणसाला दुखणे कशाचे आहे हे सुरुवातीला उमगत नाही.

दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात एप्रिल २०१० मध्ये नेमके तसेच घडले. दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या उपकरणातील कोबाल्ट-६० भंगार म्हणून फोडले गेले, कित्येकांना गंभीर इजा झाल्या आणि एकाचा मृत्यू झाला. अणुऊर्जा विभागाच्या तज्ज्ञांनी ते तुकडे शोधून सुरक्षित केले. या घटनेच्या आधीच, २००९ मध्ये, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने किरणोत्सर्गी आणीबाणीसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली होती, पण कागदावरची तत्त्वे भंगारवाल्यापर्यंत आणि तो ज्या दवाखान्यात पहिल्यांदा जातो तिथल्या डॉक्टरपर्यंत पोहोचणे हे खरे अवघड काम आहे. महाराष्ट्राचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र, १९६९ पासून वीज देणारे तारापूरचे अणुऊर्जा केंद्र आणि अणुशक्तीनगरमधील अणुऊर्जा नियामक मंडळ ही सगळी इथेच आहेत, आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पुण्याजवळची बटालियन किरणोत्सर्गी आपत्तीसाठीही प्रशिक्षित आहे. तरीही आपल्याकडच्या रुग्णालयांत प्रत्यक्षात घडण्याची सर्वाधिक शक्यता असलेला प्रसंग अगदी छोटा आहे: आण्विक वैद्यक विभागात स्कॅनसाठी टेक्नेशियम-९९एम भरलेल्या सिरिंजची सुई तंत्रज्ञाच्या बोटाला टोचणे. अशा वेळी नळाच्या वाहत्या पाण्याखाली बोट धुवायचे, मापकाने मोजायचे, किरणसुरक्षा अधिकाऱ्याला कळवायचे आणि नोंद करायची असते. टेक्नेशियम-९९एमचा अर्धायुष्यकाल सुमारे सहा तासांचा असल्याने दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत तिथे सोळावा हिस्साच उरतो, आणि मांस कापून काढण्याचा प्रश्नही उद्भवत नाही. रक्तातून पसरणाऱ्या संसर्गाची शक्यता मात्र त्याच सुईमुळे तपासावी लागते, आणि किरणोत्सर्गाच्या धास्तीत तीच गोष्ट विसरली जाऊ नये.

प्लुटोनियम किंवा अमेरिसियमसारखा दीर्घायुषी पदार्थ जखमेत गेला असेल, तर टाके घातल्यानंतरही मोजमाप पुष्कळ काळ चालू राहते. सुरुवातीचे काही दिवस चोवीस तासांची संपूर्ण लघवी आणि विष्ठा गोळा करतात, जखमेवर वरचेवर मापक धरतात आणि गरज असेल तर यकृताचे व हाडांचे मापन करतात. डीटीपीए देण्यापूर्वीचा लघवीचा नमुना मिळाला तर तो मोलाचा असतो, कारण औषध सुरू झाल्यावर लघवीतले प्रमाण एकदम वाढते आणि त्या आकड्यांवरून शरीरातील मूळ साठ्याचा थेट अंदाज बांधता येत नाही. पण तो नमुना मिळावा म्हणून औषध लांबवायचे नसते. प्रत्येक इंजेक्शनाने किती पदार्थ बाहेर पडतो याचा आलेख काढतात, आणि तो इतका खाली येतो की आणखी एका इंजेक्शनाने टळणारी किरणमात्रा नगण्य ठरते, तेव्हा औषध थांबवण्याचा निर्णय होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या लॉस अलामॉस येथील अण्वस्त्र प्रयोगशाळेत प्लुटोनियम शरीरात गेलेल्या २६ कामगारांवर जवळजवळ पन्नास वर्षे अशी देखरेख ठेवण्यात आली होती.

ही सर्व मोजमापे रुग्णाच्या किरणमात्रेच्या कायमच्या नोंदीत जातात. भारतात किरणोत्सर्गी व्यवसायातील कामगारासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (हे किरणमात्रेचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा आहे, आणि जखमेतून शरीरात गेलेल्या पदार्थाची पुढील पन्नास वर्षांत मिळणारी मात्रा त्या एकाच वर्षाच्या खात्यात धरली जाते. त्यामुळे छोट्याशा जखमेनंतरही कामगाराला काही काळ दुसरे काम द्यावे लागू शकते. तसे करताना आकड्यांचा अर्थ, घरच्या माणसांना त्याच्यापासून धोका आहे की नाही, जेवणाचे ताट किंवा अंथरूण वेगळे करण्याची गरज आहे की नाही, या प्रश्नांची उत्तरे त्याला आणि त्याच्या कुटुंबाला डॉक्टरांनी समोरासमोर बसून द्यायला हवीत. जखम धुऊन झाकलेली असेल आणि आत अल्फा पदार्थाचा अंश उरला असेल, तर त्या शेवटच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर जवळजवळ नेहमीच 'नाही' असे असते.